ठिबकच्या शेवटच्या झाडापर्यंत

गेल्या मे महिन्यात रावेर तालुक्यातील आमच्या केळीच्या बागेत गेलो, तेव्हा नानांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, चहा होण्याआधीच मला बागेच्या पार टोकाला नेले. तेथे प्रत्येक ओळीतील शेवटची सात-आठ झाडे इतरांपेक्षा हातभर बुटकी राहिली होती आणि त्यांच्या पानांच्या कडा करपल्या होत्या. ठिबकची नळी त्यांच्या बुंध्यापर्यंत पोहोचत होती, नळीत पाणीही होते, पण ड्रिपरमधून थेंब पडत नव्हता. “प्रेशर पूर्ण एक किलो आहे, फिल्टर परवाच धुतला, आणि तरी शेवटच्यांना पाणी नाही. तू एवढी वर्षं पाण्याचंच शिकलास ना, मग सांग,” असे नाना म्हणाले. या प्रश्नापायी माझे सुट्टीचे उरलेले सगळे दिवस गेले.

आम्ही एक निकामी नळी सबमेनच्या, म्हणजे सगळ्या ओळींना पाणी पुरवणाऱ्या मोठ्या नळीच्या, जवळ आणि शेवटच्या ड्रिपरजवळ अशी दोन ठिकाणी कापून उभी चिरली. टोकाकडच्या तुकड्याच्या आत तांबूस-तपकिरी, बुळबुळीत, बोटाने सहज निघणारा थर होता आणि त्याला साचलेल्या डबक्याचा वास येत होता. सबमेनजवळचा तुकडा वरवर पाहता स्वच्छ वाटला, पण नखाने खरवडल्यावर तेथेही एक पातळ, चिवट पापुद्रा हाताला लागला. विहीर तीच, खत तेच, नळी तीच आणि बहुधा जिवाणूही तेच असताना पन्नास मीटरच्या अंतरात एकाच गोष्टीची दोन इतकी वेगळी रूपे दिसतात, याचे कारण खतात किंवा विहिरीत नव्हते. ते पाण्याच्या वेगात होते.

या थराला बायोफिल्म म्हणतात. पाण्यातील जिवाणू पृष्ठभागावर बसतात, स्वतःभोवती शर्करा, प्रथिने आणि डीएनए यांचा चिकट लगदा स्रवतात आणि त्या लगद्यात वस्ती करून राहतात. थराचा बहुतेक भाग पाणीच असतो, तरीही तो वाहून जात नाही. बोअरच्या पाण्यात विरघळलेले लोह असेल, तर त्याचे ऑक्सिडीकरण करणारे जिवाणू त्यात गंजाच्या रंगाची भर घालतात, आणि ठिबकमधून खते सोडणारा शेतकरी या वस्तीला न मागता रेशन पुरवतो. दातांवरचे किटण, मोरीच्या जाळीखालचा गिळगिळीतपणा आणि ओढ्यातल्या दगडांचा निसरडेपणा ही सगळी याच कुळातली मंडळी आहेत.

आता वेगाकडे येतो. आमच्या ओळीतील नळी ५० मीटर लांब आहे, तिचा आतला व्यास साधारण १४ मिलिमीटर आहे आणि दर अर्ध्या मीटरवर ताशी ४ लिटरचा एक याप्रमाणे तिच्यावर १०० ड्रिपर आहेत. म्हणजे नळीच्या तोंडाशी ताशी ४०० लिटर पाणी आत शिरते आणि प्रत्येक ड्रिपर आपला वाटा काढून घेत गेल्यामुळे शेवटच्या ड्रिपरच्या आधीच्या अर्ध्या मीटरमधून ताशी फक्त ४ लिटर जाते. तोंडाशी पाण्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ७२ सेंटिमीटर येतो आणि टोकाला तो सेकंदाला ७ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे गोगलगायीच्या जवळपास, उतरतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टर येथे काचेच्या नळीत रंगाची धार सोडून स्तरीय आणि संक्षुब्ध प्रवाहांतील जो फरक दाखवला, तो येथे एकाच नळीत पाहायला मिळतो. प्रवाह संक्षुब्ध, म्हणजे खळबळणारा, की स्तरीय, म्हणजे थराथराने सरकणारा, हे सांगणारा त्यांच्या नावाचा अंक तोंडाशी सुमारे १०,००० येतो, तर टोकाला सुमारे १००. तो अंक २,३०० च्या खाली उतरतो तेव्हा शेवटचे साधारण २३ ड्रिपर उरलेले असतात, म्हणजे शेवटच्या अकरा-बारा मीटरमध्ये पाण्याचा खळखळाट पूर्ण थांबतो आणि पाण्याचे थर एकमेकांवरून गुपचूप सरकू लागतात.

वाहणारे पाणी भिंतीला समांतर दिशेने घासते आणि त्या घासण्याच्या दर चौरस मीटर जोराला पाठ्यपुस्तकात कर्तन प्रतिबल म्हणतात. आम्ही कामावर त्याला नुसते शिअर म्हणतो आणि येथेही तसेच म्हणेन. नळीच्या तोंडाशी हे शिअर सुमारे २ पास्कल भरते आणि टोकाला सुमारे ०.००४ पास्कल, म्हणजे पाचशे पटींचा फरक. छपाईचा साधा ८० ग्रॅमचा कागद टेबलावर पडलेला असताना आपल्या वजनाने टेबलावर जेवढा भार देतो, तो सुमारे ०.८ पास्कल असतो. तोंडाशी पाणी भिंतीला जोराने घासते असे आपण म्हणतो, तेव्हा तो जोर अडीच कागदांच्या वजनाएवढा असतो, आणि टोकाला तर एका कागदाच्या दोनशेव्या भागाएवढाच.

नानांच्या ‘एक किलो प्रेशर’चा खुलासा येथेच होतो. एक किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम, अर्थात जवळपास एक लाख पास्कल. हा आकडा मोठा आहे खरा, पण हा दाब जिवाणूवर सर्व बाजूंनी सारखाच पडतो आणि त्यामुळे त्याला जागेवरून हलवण्याचे काम करत नाही. भिंत घासली जाते ती वेगाने, आणि टोकाला वेगच नसतो. प्रेशर गेजचा काटा पाहून नळी आतून स्वच्छ असेल असे मानणे हा आपल्याकडे फार रुजलेला गैरसमज आहे, आणि खरे सांगायचे तर अभ्यासक्रमात द्रवगतिशास्त्र शिकलेले लोकही त्याला बळी पडलेले मी पाहिले आहेत.

मग तोंडाशी, जेथे पाणी वेगाने जाते, तेथे तरी जिवाणू कसे टिकतात? याचे उत्तर भिंतीच्या अगदी लगतच्या पाण्यात आहे. भिंतीला टेकलेले पाणी हलत नाही आणि तिच्यापासून दूर जाऊ तसा वेग वाढत जातो. आमच्या नळीच्या तोंडाशी भिंतीलगतचा साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचा पट्टा श्यानतेच्या, म्हणजे पाण्याच्या चिकटपणाच्या अमलाखाली असतो आणि मधल्या पाण्याचा सगळा गोंधळ या पट्ट्यात येईपर्यंत मवाळ होतो. जिवाणूची उंची एक मायक्रोमीटर धरली, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, तर त्याच्या डोक्याशी पाण्याचा वेग सेकंदाला जेमतेम २ मिलिमीटर असतो, जरी नळीच्या मध्यावर तो ७२ सेंटिमीटरच्या वर असला तरी. भर बाजारपेठेतून वाहने धावत असताना दुकानाच्या पायरीवर निवांत बसलेल्या माणसासारखी त्याची स्थिती असते.

या वेगाने जिवाणूवर पडणारा रेटा साधारण १५ पिकोन्यूटन येतो. पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा एक लक्ष-कोटीवा भाग, त्यामुळे हा आकडा हास्यास्पद वाटेल, पण पाण्यात बुडालेल्या जिवाणूचे निव्वळ वजन एका पिकोन्यूटनच्या हजाराव्या भागाएवढे असते हे लक्षात घेतले, तर त्याच्या दृष्टीने हा रेटा वादळासारखाच आहे. तरीही तो तग धरतो, कारण त्याची पकड त्याहून बळकट असते. काही जिवाणूंच्या अंगावर पिलस नावाचे बारीक, आखडता येणारे तंतू असतात आणि असा एक तंतू आखडताना शंभर पिकोन्यूटनहून अधिक जोर लावू शकतो. कॉलोबॅक्टर क्रेसेंटस नावाचा गोड्या पाण्यातला जिवाणू आपल्या देठाच्या टोकाला जो डिंक लावतो, त्याची पकड तर २००६ मध्ये सूक्ष्म सुईने ओढून मोजण्यात आली आणि ती अर्ध्या मायक्रोन्यूटनहून अधिक भरली, म्हणजे आमच्या नळीतल्या रेट्याच्या तीसेक हजार पट. त्या जिवाणूचे शरीर चंद्रकोरीसारखे वाकडे का, याचा उलगडाही प्रवाहातूनच झाला. २०१४ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील प्रयोगांत दिसले की प्रवाह या वाकड्या शरीराला असा कलवतो की त्याचे मोकळे टोक भिंतीकडे झुकते आणि तेथे जन्मणाऱ्या लेकराला दूर वाहून न जाता आईच्या शेजारीच जागा मिळते.

प्रवाह जिवाणूला भिंतीपासून दूर ठेवतो ही आपली सहज समजूत आणखी एका बाजूने चुकते. लांबट, पोहणारे जिवाणू नळीतून जाताना ज्या भागात वेग झपाट्याने बदलतो, म्हणजे भिंतीजवळ, तेथे प्रवाह त्यांना गिरक्या घ्यायला लावतो आणि त्यांचा बराचसा वेळ प्रवाहाच्या दिशेशी समांतर अवस्थेत जातो. परिणामी त्यांना आडवे पोहून त्या भागातून बाहेर पडता येत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मध्यभागातले जिवाणू कमी होऊन ते भिंतीलगतच्या पट्ट्यांत साठत गेल्याचे दिसले, म्हणजे प्रवाह त्यांना मारून-मुटकून भिंतीच्या दारात आणून सोडत होता. त्याआधी २०११ मध्ये स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूवर झालेल्या प्रयोगांतून असे पुढे आले होते की ठरावीक मर्यादेपर्यंत शिअर वाढवले, तर भिंतीवर बसलेला जिवाणू सुटण्याऐवजी अधिक वेळ टिकून राहतो.

अशा प्रकारची सर्वांत सुंदर गोष्ट मात्र मूत्रमार्गाच्या संसर्गातून आली. ई. कोलाय या जिवाणूच्या केसांसारख्या तंतूंच्या टोकाला फिमएच नावाचे प्रथिन असते आणि ते पेशीवरच्या मॅनोज या शर्करेला धरते. सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील वेंडी थॉमस, येवगेनी सोकुरेंको आणि विओला फोगेल यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवले की मंद प्रवाहात हे जिवाणू पृष्ठभागावर घरंगळत राहतात आणि प्रवाह वाढवला की घट्ट रुतून बसतात, कारण ओढ बसल्यावर या प्रथिनाचा आकार बदलतो आणि त्याची पकड आवळली जाते. ओढल्यावर आवळत जाणाऱ्या फासगाठीचे तत्त्वच हे, फक्त प्रथिनाच्या मापाचे. प्लॅस्टिकच्या नळीत मॅनोज नसतो, त्यामुळे आमच्या बागेत नेमकी हीच गाठ चालत असेल असे मी म्हणणार नाही, परंतु धुण्याच्या जोराचा अर्थ जिवाणू आपल्यापेक्षा वेगळा लावतात, हे कळण्यासाठी हे उदाहरण मला पुरेसे वाटते.

आणि चिकटल्यावर ते स्थिरच राहतात असेही नाही. स्यूडोमोनासचे पिलस शरीराच्या टोकांशी असतात. प्रवाह त्या शरीराला वाऱ्यावरच्या कोंबड्यासारखा फिरवून एक टोक उगमाकडे वळवतो, आणि तंतू पुढे फेकून आखडत तो जिवाणू चक्क प्रवाहाच्या उलट सरकतो. प्रिन्स्टनच्याच गटाने २०१२ मध्ये हे नोंदवले. वेगवान प्रवाहात पोहणाऱ्याला जे शक्य नाही ते रांगणाऱ्याला जमते, आणि म्हणूनच संसर्ग नेहमी वरून खालीच येतो असे गृहीत धरून केवळ फिल्टरवर भिस्त ठेवण्यात धोका आहे.

आतापर्यंत प्रवाहाच्या जोराविषयी लिहिले. माझ्या मते थराच्या रंगरूपावर जोराइतकाच, कदाचित जास्तच, परिणाम प्रवाहाच्या दुसऱ्या कामाचा होतो, आणि ते काम वाढप्याचे आहे. पंगतीत वाढपी जितका जवळून आणि जितक्या वेळा जातो तितके पान भरलेले राहते. नळीतले पाणी ऑक्सिजन आणि खत घेऊन जाते, पण भिंतीलगतच्या संथ पट्ट्यात ते अन्न शेवटचे अंतर केवळ विसरणाने, म्हणजे रेणूंच्या आपल्याआप पसरण्याने, पार करते. हे पसरणे जवळच्या पल्ल्याला चपळ आणि लांबच्या पल्ल्याला अतिशय मंद असते. ऑक्सिजनला पाण्यात एक दशांश मिलिमीटर जायला दोन-तीन सेकंद लागतात, परंतु अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होऊन चार-पाच मिनिटांवर जातो. प्रवाह वेगवान असला की हा संथ पट्टा पातळ होतो आणि वाढपी पानाजवळ येतो, प्रवाह मंदावला की तो दूर जातो. म्हणून वेग वाढवल्याने एकाच वेळी थर जास्त घासलाही जातो आणि जास्त पोसलाही जातो. यातले कोणते पारडे जड होईल, हे त्या ठिकाणचा वेग आणि अन्नाचे प्रमाण ठरवतात, आणि थर सर्वांत जाड कोठे होईल या प्रश्नाला ‘जेथे वेग सर्वांत कमी’ असे सरळ उत्तर देता येत नाही, ते याच कारणाने.

थराचा आकारही याच ओढाताणीतून घडतो. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे मार्क व्हॅन लूस्ड्रेख्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांडपाण्याच्या संयंत्रांसाठी केलेल्या कामातून जे चित्र उभे राहिले, त्याचा आशय असा. अन्न कमी आणि घासणे कमी असेल, तर थराचा जो कोंब जरा वर येतो त्याला अन्न आधी मिळते, तो आणखी वर येतो, आणि सगळा थर पोकळ, बोटांसारखा, भुसभुशीत होतो. घासणे जास्त असेल, तर वर आलेले कोंब खुडले जातात आणि खाली सपाट, दाट, चिवट थर उरतो. नळी चिरल्यावर हाताला लागलेले दोन तुकडे, टोकाचा लगदा आणि तोंडाचा पापुद्रा, अगदी याच वर्णनाचे होते. जो थर ज्या शिअरमध्ये वाढतो त्याची ताकद साधारण त्या शिअरला पुरून उरेल अशीच होते, त्यामुळे सबमेनजवळचा पापुद्रा पाण्याने काढण्याचा विचार आम्ही सोडून दिला. टोकाच्या लगद्याने आयुष्यात कधी जोर पाहिलेला नसल्याने त्याच्यावर मात्र पाण्याचा प्रयोग करण्यात अर्थ होता.

तरीही एक कोडे उरते. थर भिंतीवर हळूहळू वाढत असेल तर ड्रिपरचा प्रवाहही हळूहळू कमी व्हायला हवा. नानांचा अनुभव वेगळा होता. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ड्रिपर महिनोन्‌महिने ठीक चालतात आणि मग आठ दिवसांत ओळीच्या ओळी बंद पडतात. मी ही तक्रार प्रथम निरीक्षणातील चूक समजून बाजूला ठेवली होती, आणि ते माझे चुकले.

प्रिन्स्टनमध्ये हॉवर्ड स्टोन आणि बॉनी बॅस्लर यांच्यासह काम करताना क्नूट ड्रेशर यांनी २०१३ मध्ये जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषय नेमका हाच होता. त्याआधी २०१० मध्ये स्टोन यांच्या गटाने पाहिले होते की नागमोडी, कोनाकोनाच्या सूक्ष्म वाहिनीत प्रवाह अगदी संथ आणि स्तरीय असला, तरी कोपऱ्यापाशी पाण्याला वर-खाली अशी एक क्षीण दुय्यम गती मिळते. ती भिंतीवरच्या थरातून सुटलेला चिकट लगदा वाहिनीच्या मध्यावर ढकलते, आणि एका कोपऱ्याला अडकलेला लगद्याचा धागा पाण्यात तरंगत पुढच्या कोपऱ्याकडे ताणला जातो. इंग्रजीत त्याला स्ट्रीमर म्हणतात. मला त्याला शेंबडाची तार म्हणावेसे वाटते आणि वर्णन म्हणून ते अधिक अचूकही आहे. ड्रेशर यांच्या प्रयोगांत भिंतीवरचा थर वाढत असताना प्रवाहावर जवळजवळ काहीच परिणाम होत नव्हता. पण एकदा का कोपऱ्या-कोपऱ्यांना जोडणाऱ्या तारा तयार झाल्या की त्यांची चाळणी बनत असे, ती चाळणी पाण्यातून जाणारे जिवाणू आणि कचरा पकडत असे, पकडलेल्या मालाने चाळणी अधिक बारीक होत असे, आणि वाहिनी पाहता पाहता बंद होत असे. ही शेवटची अवस्था जिवाणूंच्या वाढीवर अवलंबूनच नव्हती. नव्या जिवाणूंचा जन्म न होताही, केवळ वाहत येणारा माल अडकत गेल्याने, वाहिनी चोंदत होती. मातीसारख्या सच्छिद्र माध्यमात, औद्योगिक गाळणीत आणि वैद्यकीय स्टेंटमध्येही त्यांना हेच आढळले.

आता ड्रिपर फोडून पाहा. त्याच्या आत जेमतेम एक मिलिमीटर रुंदीची, दातेरी, नागमोडी वाट असते. पाण्याने प्रत्येक दातावर आपटून आपला दाब खर्च करावा आणि शेवटी थेंबाथेंबाने बाहेर यावे, यासाठी ती मुद्दाम तशी घडवलेली असते. वाटेच्या मध्यावर पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास असतो आणि दातांमागच्या कोनाड्यांत मात्र पाणी जागच्या जागी भोवरे घेत राहते. कोपरे, दुय्यम प्रवाह आणि वरच्या पन्नास मीटर नळीतून सुटून येणारा लगदा, म्हणजे तारा विणायला लागणारे सगळे सामान येथे हजर असते. प्रिन्स्टनच्या वाहिन्या ड्रिपरपेक्षा बऱ्याच अरुंद आणि संथ होत्या, तेव्हा त्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलणे योग्य नाही. परंतु अमेरिकेतील बोझमन येथील मोंटाना राज्य विद्यापीठाच्या बायोफिल्म केंद्रात पॉल स्टूडली आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये संक्षुब्ध प्रवाहातही अशा शेपट्या फडफडताना मोजल्या होत्या आणि त्या फडफडण्यामुळे प्रवाहाचा दाब कसा खर्ची पडतो तेही दाखवले होते. नानांच्या ‘आठ दिवसांत बंद’ या तक्रारीमागे हीच चाळणी आहे असे मला आता ठामपणे वाटते. शेवटच्या ड्रिपरचे दुर्दैव असे की वरच्या निन्याण्णव जागी सुटलेला माल त्याच्या दिशेने ढकलला जातो आणि तो परतवून लावण्याइतका वेग त्याच्याजवळ नसतो.

विजेच्या पाळ्यांची यात भर पडते. आमच्याकडे पंप चालतो तो वीज असेल तेव्हा, बाकीचे तास काळ्या नळीतले पाणी उन्हात तापत उभे असते, गाळ खाली बसतो, आणि पुढची पाळी सुरू होताच पहिला लोंढा सगळे उचलून पुढे नेतो. शहरांतले लोक नळाचे पहिले पाणी सोडून देतात ते याच कारणाने. हुबळी-धारवाडमध्ये एमिली कंपेल आणि कारा नेल्सन यांनी काही तासांपुरत्या येणाऱ्या पाण्याचा अभ्यास केला, तेव्हा पुरवठा सुरू होतानाच्या पहिल्या पाण्यात गढूळपणा आणि जिवाणू जास्त असल्याचे त्यांना दिसले.

औषधाचा मुद्दा थोडक्यात घेतो, कारण त्यावर शेतकऱ्यांसाठी भरपूर मराठी साहित्य उपलब्ध आहे. क्लोरीन सोडले की नळी २४ तास बंद ठेवायची, अशी एक पद्धत आमच्याकडे रूढ आहे. येथेही प्रवाहाचा विचार करायला हवा. २०१९ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाला स्यूडोमोनासमध्ये प्रवाह सुरू होताच जागृत होणारा एक जनुकसमूह सापडला. गंमत अशी की पाणी अधिक घट्ट करून शिअरचा जोर वाढवला तरी त्याच्या प्रतिसादात फरक पडेना, भिंतीपासून दूर जाताना वेग किती झपाट्याने बदलतो, तेवढाच दर तो ओळखत होता. पुढच्या कामातून त्याचा धागा हायड्रोजन पेरॉक्साइडपर्यंत गेला. स्थिर पाण्यात जिवाणू आपल्याभोवतीचे पेरॉक्साइड मोडून टाकतात आणि सुरक्षित राहतात, वाहत्या पाण्यात मात्र ते सतत नव्याने येत राहते, म्हणून तेच प्रमाण वाहत असताना अधिक मारक ठरते. वाढपी अन्न वाढतो तसा विषही वाढतो. क्लोरीनही थरात शिरताना खर्च होत जाते, त्यामुळे ते नळीत कोंडून ठेवण्यापूर्वी शेवटच्या टोकाला १ ते २ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक ते दोन भाग, क्लोरीन शिल्लक निघेपर्यंत वाहते ठेवावे, असे मी नानांना सुचवले. आम्ल आणि क्लोरीन एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू सुटतो, हे त्यांना मी सांगण्याची गरज नव्हती, पण वाचकांसाठी लिहून ठेवतो.

राहिले टोकाच्या लगद्याला वेग दाखवणे. नळीच्या टोकाची टोपी काढून फ्लश करताना टोकाशी किमान सेकंदाला ०.३ मीटर वेग मिळावा, असा सिंचन अभियांत्रिकीत प्रचलित असलेला दंडक आहे. त्या वेगाला आमच्या नळीतील शिअर सुमारे ०.४ पास्कल येते, म्हणजे नेहमीच्या ०.००४ च्या शंभरपट, आणि लगद्याला त्याची सवय नसते. हा वेग शेतात मोजायचा कसा, तर १४ मिलिमीटरच्या नळीतून त्या वेगाला मिनिटाला पावणेतीन लिटरहून थोडे अधिक पाणी पडते, म्हणजे पाण्याची एक लिटरची बाटली साधारण २२ सेकंदांत भरली पाहिजे. नाना दरवेळी व्हॉल्व्हवरच्या सगळ्या ओळींच्या टोप्या एकदम काढत असत. आम्ही तसे करून बाटली धरली, तर ती भरायला ५० सेकंद लागले. मग चार-चार ओळींच्याच टोप्या उघडल्या आणि ती १८ सेकंदांत भरली. पाणी आधी स्वच्छ, मग चहाच्या रंगाचे, मग तांबूस धाग्यांचे आणि तीन-चार मिनिटांनी पुन्हा स्वच्छ झाले.

नानांनी टोप्या लावल्या आणि आम्ही पुढच्या ओळींकडे गेलो. मला मात्र २००४ मधला एक निबंध आठवत होता. त्यात निरनिराळ्या बायोफिल्मवर सतत ताण दिला असता त्या साधारण १८ मिनिटांनंतर रबरासारखे वागणे सोडून घट्ट द्रवासारख्या ओघळू लागतात, असे मांडलेले होते. तीन मिनिटांचा लोंढा थरासाठी नुसता धक्का असतो, तो ताणला जातो, जे कमकुवत ते तुटते आणि उरलेले परत जागेवर येते. म्हणून पहिल्या चार ओळींच्या टोप्या पुन्हा काढून या वेळी पंचवीस मिनिटे पाणी सोडून ठेवू, असा मी आग्रह धरला. नाना वीज-पाण्याचा हिशेब करत थोडे नाराज झाले, पण थांबले. पहिली काही मिनिटे पाणी नितळ होते आणि ते माझ्याकडे सूचकपणे पाहत होते. साधारण वीस मिनिटांनी तिसऱ्या ओळीच्या टोकातून वीतभर लांबीची, तपकिरी, साबुदाण्याच्या खिरीसारखी दिसणारी तार बाहेर लोंबू लागली, ती तुटली नाही, हळूहळू लांब होत गेली, आणि नानांनी वाकून ती काडीवर गुंडाळून घेतली.